केंटकीतला पूर्वज: १८१० च्या मागे कसं जायचं?

रानवाट
जावयांच्या घराण्याची वंशावळ नातवंडांसाठी लिहून काढायची आहे. हाताशी आहे ते असं: घरच्या बायबलच्या दोन पानांचे फोटो (जन्म आणि लग्नं, पहिली नोंद १७७९ च्या जन्माची), १८५० च्या जनगणनेतलं कुटुंब, १८१० च्या अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या जनगणनेत त्याच नावाचा कुटुंबप्रमुख, आणि "आपण डॅनियल बूनचे (केंटकीत वसाहत नेणारा तो प्रसिद्ध माणूस) वंशज" हे पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं वाक्य. आडनाव बूनच आहे. ऑनलाइन वंशवृक्षांच्या झाडांवर प्रत्येकाने १८१० च्या माणसाला वेगळा बाप लावलाय. सगळं घरबसल्या करायचंय. सुरुवात कुठून करू?

दप्तरदार
रानवाटताई, डॅनियल बून सध्या बाजूला ठेवा. प्रसिद्ध माणसापासून खाली उतरत आलं की वाटेतला प्रत्येक सारख्या नावाचा माणूस आपलाच वाटायला लागतो. आजच्या पिढीपासून मागे जा आणि दर पायरीला एकच प्रश्न विचारा: हा त्याचा मुलगा, हे सांगणारा कागद कुठला?

१८५० च्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव असतं, पण नातं लिहिलेलं नसतं. नात्याचा रकाना १८८० मध्ये आला. त्यामुळे १८५० च्या घरातली मुलं त्या जोडप्याचीच, हे गृहीत धरू नका. पुतणे, भाचे, पहिल्या बायकोची मुलं, सगळे एकाच यादीत येतात. १८४० आणि त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि वयोगटांपुढे आकडे.

केंटकीत १८१० च्या मागे जनगणना शोधण्यात वेळ घालवू नका. १७९० आणि १८०० च्या तिथल्या याद्या शिल्लक नाहीत. त्या वर्षांची "जनगणना" म्हणून जे छापलेलं दिसतं, ते करपत्रकांवरून नंतर जुळवलेलं आहे. मग सरळ मूळ करपत्रकंच बघावीत, त्यांत माहितीही जास्त आहे.

रानवाट
१८१० च्या नोंदीत पुरुषांच्या रकान्यांत २-१-१-०-१ असे आकडे आहेत. त्याचा अर्थ काय?

दप्तरदार
१८०० आणि १८१० चे गट एकच आहेत: १० च्या आतले, १० ते १५, १६ ते २५, २६ ते ४४, ४५ आणि वरचे. म्हणजे घरात १० च्या आतले दोन मुलगे, एक १० ते १५ मधला, एक १६ ते २५ मधला, आणि एक ४५ किंवा त्याहून मोठा. हा मोठा बहुधा कुटुंबप्रमुख, म्हणजे १७६५ च्या सुमारास किंवा त्याआधी जन्मलेला. बायबलमधल्या मुलांची वयं या गटांत बसतात का ते मांडून बघा. वयं मोजायची ती त्या जनगणनेच्या ठरलेल्या दिवशीची, १८१० साठी ६ ऑगस्ट. आणि १८२० ला पोचाल तेव्हा सांभाळा: तिथे १६ ते १८ चा जादा रकाना आहे आणि तीच मुलं १६ ते २५ मध्येही मोजलेली आहेत. दोन्ही जोडले की घरात नसलेली मुलं तयार होतात.

शाईदौत
बायबलबद्दल. पहिली नोंद १७७९ ची, म्हणजे ती १७७९ मध्ये लिहिली असं नाही. नोंदींच्या पानांबरोबर मुखपृष्ठामागच्या छापील पानाचा फोटो मागवा. त्यावर प्रकाशनाचं साल असतं. बायबल १८२८ चं असेल, तर त्याआधीच्या सगळ्या नोंदी कुठल्या तरी जुन्या पानावरून उतरवलेल्या किंवा आठवणीतून लिहिलेल्या.

दुसरं, शाई आणि हात बघा. पंचवीस वर्षांतले नऊ जन्म एकाच शाईत, एकाच वळणात असतील तर ते एका बैठकीत लिहिलेत. नोंद खोटी ठरत नाही त्याने, पण तिचं वजन "घटनेच्या वेळचा पुरावा" एवढं राहत नाही. फोटो सरळ उजेडात काढलेला आणि एक तिरप्या उजेडात काढलेला, असे दोन मागवा. खरवडून बदललेले आकडे तिरप्या उजेडात दिसतात. बायबल कोणाकडून कोणाकडे आलं ती साखळीही लिहून ठेवा. मुलीकडून आलेलं बायबल बऱ्याचदा नवऱ्याच्या घराण्याचं असतं.

अक्षराच्या खोड्या: शब्दाच्या मध्ये येणारा लांब एस हा एफसारखा दिसतो, म्हणून 'जेसी' हे 'जेफ्सी' वाचलं जातं. 'जे-एन-ओ' म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे. पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा, नॅन्सी म्हणजे बहुधा अ‍ॅन. एकाच बाईच्या दोन नावांच्या दोन बायका झालेल्या झाडांची संख्या फार मोठी आहे.

नात्याचे शब्दही आजचे अर्थ धरून वाचू नका. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' म्हणजे त्या गावातले एकाच नावाचे थोरला आणि धाकटा, काका-पुतण्याही असू शकतात, आणि थोरला वारला की ज्युनियरचा सीनियर होतो. 'सन-इन-लॉ' सावत्र मुलालाही म्हणत, 'कझिन' पुतण्याभाच्यालाही. 'ऑर्फन' म्हणजे बाप गेलेलं मूल. आई जिवंत असू शकते. 'इन्फंट' म्हणजे २१ वर्षांखालचा कोणीही.

साखळीआणा
आता जमीन. सरहद्दीवर, म्हणजे पश्चिमेकडच्या नव्या वसाहतींत, जन्मनोंद नव्हती, चर्च लांब होती, पण जमिनीसाठी प्रत्येकाने कागद केला. घराण्याचा खरा सांगाडा तिथेच मिळतो.

आधी प्रांत समजून घ्या. केंटकी १ जून १७९२ ला राज्य झालं, तोवर तो व्हर्जिनियाचा भाग होता. आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) माणसाच्या पायाखालून बदलत गेल्या: १७७२ ला फिनकॅसल, १७७६ च्या अखेरीस तिच्यातून केंटकी काउंटी, १७८० ला तिचे तीन तुकडे, फेएट, जेफरसन आणि लिंकन. आज तिथे १२० काउंट्या आहेत. एकाच ओढ्याकाठी आयुष्य काढलेल्या माणसाचे कागद तीन-चार कचेऱ्यांत सापडतात. फिनकॅसल तर उरलीच नाही. तिचं दप्तर व्हर्जिनियातल्या माँटगोमेरी काउंटीकडे आहे. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीचा जुन्या काउंटी-सीमांचा नकाशासंग्रह मोफत आहे, तारीख घातली की त्या दिवशीची हद्द दाखवतो. कुठलाही शोध घेण्याआधी तो उघडायचा.

डॅनियल बूनचंच बघा. १७३४ ला पेनसिल्व्हेनियातल्या ओलीच्या खोऱ्यात जन्म. झाडांवर सगळीकडे "बर्क्स काउंटी" लिहिलेलं असतं. बर्क्स १७५२ ला झाली. तो जन्मला तेव्हा ती फिलाडेल्फिया काउंटी होती, आणि बर्क्स होईपर्यंत बून मंडळी तिथून निघालीही होती. त्या काळातला त्यांचा जमिनीचा कागद बर्क्समध्ये शोधणारा रिकाम्या हाताने परत येतो.

केंटकीत जमीन मिळण्याच्या चार पायऱ्या: वॉरंट, नोंद, मोजणी, सनद. वॉरंट म्हणजे इतके एकर घेण्याचा हक्क. नोंद म्हणजे "अमुक ओढ्यावर, तमक्याच्या जागेला लागून" असा दावा. मग मोजणी आणि नकाशा. शेवटी गव्हर्नरच्या सहीची सनद. १७७९ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने, १ जानेवारी १७७८ च्या आधी येऊन वसलेल्याला ४०० एकर आणि त्याला लागून १,००० एकरांवर पहिला हक्क मिळत होता. हे दावे १७७९-८० मध्ये कमिशनरांनी ऐकले. त्या दाखल्यात तुमचं नाव सापडलं, तर माणूस नेमका कधीपासून केंटकीत होता याचा सरकारी कागद हाती आला.

चूक इथे होते: लोक फक्त सनदांच्या सूचीत नाव शोधतात. वॉरंट विकता येत होतं. चारही पायऱ्यांवर वेगवेगळी नावं असू शकतात, आणि पूर्वज पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच हक्क विकून पुढे गेलेला असतो. "असायनी" (ज्याच्या नावावर हक्क केला तो) हा शब्द दिसला की मागच्या पायरीचा कागद काढा. केंटकीच्या लँड ऑफिसच्या संकेतस्थळावर व्हर्जिनिया-काळातल्या आणि जुन्या केंटकीच्या सनदांच्या फायलींतल्या मूळ कागदांच्या प्रतिमा मोफत आहेत. फेडरल सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या साइटवर केंटकी शोधू नका. ओहायो, इंडियाना, मिसूरीसारख्या फेडरल जमिनीच्या राज्यांसाठी ती आहे. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया त्यात येत नाहीत.

रानवाट
एका मोजणीत "उत्तर ४५ पूर्व, १२० पोल, दोन पांढरे ओक आणि एक हिकरी" असं लिहिलंय. याचं काय करायचं?

साखळीआणा
ही त्यांची चतुःसीमा. फरक एवढाच, की आपल्याकडे चार दिशांना शेजाऱ्यांची नावं, इथे झाडापासून झाडापर्यंत दिशा आणि अंतर. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. चार पोलांची एक ६६ फुटी साखळी, ३२० पोलांचा मैल, १६० चौरस पोलांचा एकर. आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे बरोबर ४ चौरस पोल. म्हणून त्यांच्या जुन्या मोजणीचा हिशोब आपल्याला गुंठ्यांत करता येतो, आणि आकडे पटकन डोळ्यांपुढे येतात. ४०० एकरांचा चौरस धरला तर बाजू २५३ पोल, सव्वा किलोमीटरच्या थोडी वर.

कागदावर काढताना १:२४,००० च्या अमेरिकी भूनकाशाचं प्रमाण वापरा, एक इंचाला सुमारे १२१ पोल. पारदर्शक कागदावर आकृती काढून ओढ्याच्या वळणाशी जुळवायची. दिशा चुंबकीय सुईच्या आहेत, त्यामुळे आकृती आजच्या उत्तरेपेक्षा काही अंश फिरवावी लागते. शेवटची रेषा सुरुवातीच्या झाडाशी मिळत नसेल तर आधी नक्कल तपासा. उतरवताना एक अख्खी रेषा गळणं किंवा पूर्वचं पश्चिम होणं नेहमीचं.

शेजाऱ्यांच्या मोजण्याही काढा. एका रेषेवर दोघांचं एकच झाड आलं की जागा पक्की. केंटकीत दाव्यांवर दावे कौलांसारखे चढले होते आणि खटले दशकानुदशकं चालले. बूनने स्वतः केलेले बरेच दावे असेच हातचे गेले. त्या खटल्यांतल्या जबान्या सोडू नका: साक्षीदाराचं वय, तो त्या ओढ्यावर कुठल्या साली आला, बरोबर कोण होतं, हे शपथेवर सांगितलेलं असतं.

आणि मोजणीच्या तळाशी 'एस. सी. सी.' पुढची दोन नावं उतरवून घ्या. ते शपथ घेतलेले साखळी ओढणारे. घरचेच मुलगे, मेहुणे, जावई या कामाला घेत.

दप्तरदार
साखळीआणांच्या मुद्द्याला जोडून करपत्रकं. व्हर्जिनियात १७८२ पासून, केंटकीच्या काउंट्यांची १७८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, जवळजवळ दरवर्षीची. नवी काउंटी असेल तर आईकाउंटीपासून सुरू करा. एखादं वर्ष बघून थांबायचं नाही. सलग वीस-पंचवीस वर्षं एका तक्त्यात उतरवायची: साल, नाव, १६ वरचे गोरे पुरुष, घोडे, एकर, ओढा. राज्य झाल्यानंतरच्या केंटकीच्या पत्रकांत जमीन कोणाच्या नावाने नोंदली, मोजली आणि सनद झाली हेही रकाने असतात. बापाचा दुवा कधी कधी तिथेच मिळतो: जमीन मुलाच्या नावावर कर भरते आणि सनदेच्या रकान्यात बाप.

तक्ता बोलायला लागतो. पुरुषांचा आकडा १ चा २ झाला की एक मुलगा १६ चा झाला. काही वर्षांनी तो परत १ झाला आणि त्याच ओढ्यावर त्याच आडनावाचं नवं नाव आलं, तर तो २१ चा होऊन वेगळा कर भरतोय. बापाचं नाव जाऊन त्याच एकरांपुढे बाईचं नाव आलं, तर ती बहुधा विधवा, आणि त्याच वर्षाच्या आसपास कोर्टात वारसाचे कागद शोधायचे.

पत्रकं आद्याक्षरांप्रमाणे लावलेली असली की शेजार मोडतो. पण जिथे तारखेचा रकाना आहे तिथे एका दिवशीची सगळी नावं एकत्र काढा. कर-अधिकारी त्या दिवशी ज्या वस्तीवर गेला ती वस्ती परत उभी राहते.

वारसाहक्काचा एक बारकावा. व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर १७८७ पर्यंत जमीन थोरल्या मुलाकडे जाई. त्याआधी वारलेल्या माणसाची जमीन एकटाच कोणी विकताना दिसला आणि खरेदीखत-मृत्युपत्र काहीच नसेल, तर तो थोरला असण्याची शक्यता तपासा. १७८७ नंतर सगळी भावंडं वारस. तेव्हापासूनची "अमुकचे वारस" अशी सामाईक खतं सोन्यासारखी, लग्न झालेल्या मुली नवऱ्यांसकट सापडतात. बायकोचं नाव हवं असेल तर खताच्या शेवटची तिची हक्कसोड वाचा. नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशावर तिचा हयातभर हक्क होता, म्हणून तिची वेगळी संमती घेत. "प्रेमापोटी आणि एक डॉलर" असं लिहिलेलं खत म्हणजे बक्षीसपत्र, तिथे नातं बहुतेक उघड लिहिलेलं असतं.

लग्नाच्या नोंदीत बाँडची तारीख ही लग्नाची तारीख नाही. ५० पौंडांचा जामीन, लग्नात कायदेशीर अडचण नाही याबद्दलचा. जामीनदार बहुधा मुलीचा बाप किंवा भाऊ. मुलगी २१ ची नसेल तर बापाची संमतीची चिठ्ठी जोडलेली असते, आणि छापील सूच्यांत ती चिठ्ठी येत नाही. मूळ प्रतिमा बघायलाच हवी.

शाईदौत
अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या पेन्शन-फायली राहिल्या. १७६५ च्या आधी जन्मलेला माणूस असेल तर हे पहिल्या आठवड्यातच करावं. १८१८ चा कायदा काँटिनेंटल सैन्यातल्या, म्हणजे नियमित फौजेतल्या, गरजूंसाठी होता. १८३२ च्या कायद्याने सहा महिने नोकरी केलेल्या मिलिशियावाल्यांनाही (स्थानिक नागरिकांची फौज) पेन्शन दिली, आणि सरहद्दीवरचे बहुतेक मिलिशियातच होते. १८३२ च्या अर्जात ठरलेले प्रश्न आहेत: जन्म कुठे आणि कधी, वयाची नोंद कुठे आहे, भरती झाला तेव्हा राहायला कुठे होता, त्यानंतर कुठे कुठे राहिला. स्थलांतराचा अख्खा प्रवास माणसाच्या स्वतःच्या तोंडून. फायलीच्या क्रमांकाआधी एस असेल तर स्वतः सैनिक, डब्ल्यू असेल तर विधवा, आर म्हणजे नाकारलेला. आर फायली आवर्जून बघा. पुरावा पुरेना म्हणून माणसं पुन्हा पुन्हा कागद पाठवत, त्यामुळे त्या जाड असतात. विधवांच्या फायलींत घरच्या बायबलची फाडून पाठवलेली मूळ पानंही आहेत. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजची एम ८०४ ही फिल्ममालिका. निवडक पानांच्या नकलेवर समाधान न मानता पूर्ण फाइल बघायची. १८०० च्या नोव्हेंबरात युद्धखात्याला आग लागून त्याआधीचे अर्ज गेले, त्यामुळे तेव्हाचं काही मिळालं नाही तर आश्चर्य नाही.

गुणसूत्र
बूनबद्दल थेट. डॅनियल आणि रिबेका ब्रायन यांना दहा मुलं. मुलग्यांपैकी जेम्स १७७३ ला मारला गेला, इझ्राएल १७८२ ला ब्लू लिक्सच्या लढाईत, आणि विल्यम तान्हेपणी गेला. बून आडनावाची सिद्ध झालेली वंशरेषा जेसी, डॅनियल मॉर्गन आणि नेथन या तिघांकडूनच येते. रानवाटताईंकडे आडनाव बून आहे, म्हणजे अखंड पुरुषरेषेचा दावा असेल तर १७७९ ला जन्मलेला माणूस या तिघांपैकी कोणाचा मुलगा असणं वयानेच शक्य नाही. त्यांतला थोरला डॅनियल मॉर्गनच १७६९ चा. आणि तो स्वतः डॅनियलचा मुलगा असता तर दहा जणांत त्याचं नाव असतं. त्यामुळे डॅनियलच्या भावांकडे वळा: सॅम्युएल, जोनाथन, इझ्राएल, एडवर्ड, जॉर्ज, स्क्वायर. शिवाय चुलत घराणी, आणि बूनशी रक्ताचा संबंधच नसलेले बून.

वाय-डीएनए (बापाकडून मुलाकडे जाणारा) चाचणी करायची तर ती जावयांच्या घरातल्या बून आडनावाच्या पुरुषाची. ती पुरुषरेषा डॅनियलच्या बून घराण्याची आहे की नाही, एवढं चाचणी सांगेल. डॅनियल आणि त्याचा भाऊ यांत फरक करायचा तर सिद्ध वंशजांच्या सखोल चाचण्या लागतात. साध्या ३७ मार्करांत दोघं सारखेच दिसतात. नेहमीची ऑटोसोमल (आई-बाप दोघांकडून आलेल्या डीएनएची) चाचणी इतक्या मागे कमकुवत पडते, पाचव्या फळीतले चुलत बहुतेक वेळा एकमेकांशी जुळतच नाहीत. न जुळणं म्हणजे नातं नाही, असा निष्कर्ष काढू नये.

रानवाट
म्हणजे घरातलं वाक्य चुकीचं?

दप्तरदार
"डॅनियलचे वंशज" हे पुतण्याच्या घरात तीन पिढ्यांत सहज तयार होतं. वाक्य खोडू नका, कोणी कोणाला कधी सांगितलं ते तारखेसह लिहून ठेवा. मग ड्रेपर संग्रह बघा. लायमन ड्रेपरने सरहद्दीवरच्या माणसांना आणि त्यांच्या मुलांना गाठून लिहून घेतलेलं आणि इतरांकडून जमवलेलं, सुमारे ४९१ खंड, विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत. नेथन बूनची १८५१ ची मुलाखत त्यात आहे, आणि केंटकीच्या वसाहतींतल्या साध्या माणसांच्या मुलाखती सीसी मालिकेत, विशेषतः ११ ते १३ खंडांत. घटनांनंतर कित्येक दशकांनी सांगितलेली आठवण आहे ती, सालं चुकतात, पण कोण कोणाचा मेहुणा हे सहसा चुकत नाही.

१७५२ च्या आधीच्या तारखा जशा लिहिल्यात तशाच उतरवा. डॅनियलचा जन्म जुन्या (ज्युलियन) कॅलेंडरने २२ ऑक्टोबर १७३४, नव्या (ग्रेगोरियन) कॅलेंडरने २ नोव्हेंबर, दोन्ही बरोबर. बून मंडळी क्वेकर या ख्रिस्ती पंथाची होती, आणि क्वेकर नोंदींत १७५२ पर्यंत "पहिला महिना" म्हणजे मार्च.

रानवाट
आता क्रम असा लावते: बायबलचं छापील पान, बूनच्या सगळ्या भावांची आणि पुतण्यांची यादी, १७८७ ते १८१५ चा करतक्ता, मग पेन्शन. एक राहिलं. १८१४ च्या एका बून मालमत्तेच्या यादीत घोडे, नांगर, कढया आणि त्यांमध्ये चार माणसांची फक्त पहिली नावं, पुढे डॉलरमध्ये किंमत. ती गुलाम माणसं ना? आपल्या वंशावळीत ती कुठे लिहायची?

शाईदौत
हो, तीच. चौघांची नावं, वय दिलं असेल तर वय, किंमत, आणि वाटणीत कोण कोणाकडे गेलं, हे सगळं जसंच्या तसं उतरवा आणि पानाचा क्रमांक द्या. त्यांच्या वंशजांसाठी १८७० ही पहिली जनगणना, जिथे सर्वांची नावं येतात. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव, आणि त्याखाली वय, लिंग, रंग एवढंच. मागे जाण्याचा त्यांचा रस्ता मालकाच्या मृत्युपत्रांतून, याद्यांतून आणि मुलींना दिलेल्या बक्षीसपत्रांतूनच जातो. केंटकीतली सरहद्द त्यांनीही वसवली; एस्टिल्स स्टेशन या तटबंदीच्या वस्तीवरचा मंक एस्टिल बंदुकीची दारू बनवायचा आणि १७८२ च्या लिटल माउंटनच्या लढाईनंतर मुक्त झाला. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्या यादीच्या काउंटीच्या खतांचा मजकूर-शोध चालत असेल तर त्या चार नावांनीही शोधा, मालकाच्या आडनावासह, आणि जे सापडेल ते याच धाग्यावर टाका.